आईचा उजवा हात

ही हकीकत कुणाला भयकथा म्हणून वाचायची असेल, तर त्याने ती खुशाल तशी वाचावी. जिच्या घरात ती घडली, ती बाई मात्र तिला गोष्ट म्हणत नाही.

ती बांधकामावरची अभियंता आहे. कुठला खांब किती भार पेलेल हे सांगणे हा तिचा व्यवसाय, आणि जे मोजता येत नाही त्याविषयी तोंड उघडू नये हा तिचा स्वभाव. त्यामुळे तिने हे फारसे कुणाला सांगितलेले नाही. ज्यांना सांगितले त्यांनी तिला विश्रांती घ्यायला सुचवले.

घडले ते रात्री नाही. अंधारात नाही. थंडी नुकती पडू लागली होती, गुरुवार होता, आणि दुपार कलत होती. तळ्याकाठच्या त्या जुन्या शहरात प्रवाशांची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. राजवाडे रिकामे होते. देवळांच्या पायऱ्यांवर उन्हाशिवाय कुणी बसलेले नव्हते.

आई-बाबांना घेऊन ती सहलीला आली होती.

सहल म्हणजे लाच होती, हे तिचे तिला ठाऊक होते. दुसऱ्या देशात, एका खाडीवर मोठा पूल बांधायचे काम तिला देऊ केले होते. तीन वर्षे तिकडेच राहायचे. सोमवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता. घरी बोलायचा धीर होईना, तेव्हा तिने ठरवले की तळ्याकाठी, छानशा संध्याकाळी, हळूच सांगू.

सांगणे अवघड होते ते आईच्या डोळ्यांमुळे.

आईची नजर काठाकडून विझत चालली होती. समोरचे तेवढे दिसे, नळीतून पाहावे तसे. बाजूला कोण आहे, पायाखाली काय आहे, हे तिला कळत नसे. अंधाऱ्या खोलीत तर काहीच दिसत नसे. आई शिवणाचा वर्ग चालवायची. एके दिवशी तिने तो बंद केला आणि "कंटाळा आला" म्हणून सांगितले. बाबांनी ते मान्य केले, कारण आईला ते मान्य करून हवे होते.

"आंधळी झाली बिचारी, असं कुणी म्हणालेलं मला चालणार नाही," एवढेच ती मुलीला एकदा म्हणाली होती.

त्यावर मुलीने आपल्या कामातली युक्ती काढली. क्रेन चालवणाऱ्याला खालचे दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस हाताने खुणा करतो आणि त्याच्या भरवशावर तो टनावारी ओझे हलवतो. तसेच त्या दोघींनी ठरवले. मुलीने आईचा उजवा हात धरायचा. एकदा दाबला, तर पायरी वर. दोनदा दाबला, तर पायरी खाली. दाबून धरला, तर थांब.

बोलायचे नाही. बघणाऱ्याला वाटावे, लाडकी लेक आईचा हात धरून चालली आहे.

"म्हणजे मी क्रेन का गं?" आईने विचारले होते.

"हो. जुनी, पण दणकट."

"आणि ओझं कोण?"

"बाबा."

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. मग मुलीने कामावरचे नियमही सांगितले. एका वेळी एकाच माणसाच्या खुणेवर चालायचे. मात्र 'थांब' ही खूण कुणीही केली, तरी थांबायचे.

बस्स, एवढ्याच खुणा. कामापुरत्या.

*

पहिली गोष्ट घडली ती सकाळी, देवळात.

पायऱ्यांशी जोडे काढायचे होते. बाबांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत बसली. मान वर करून पाहते तो आई केव्हाच आत पोचलेली. देवळाचा दगडी उंबरा गुडघाभर उंच होता. त्याच्यापलीकडे, गार अंधारात, आई शांत उभी होती.

ती धावत आत गेली.

"अगं, एकटी कशी आलीस?"

"एकटी कसली? बरं झालं वेळेवर दाबलंस. केवढा उंच उंबरा हा! तोंडावरच आपटले असते."

मुलीने खाली पाहिले.

तिच्या दोन्ही हातांत बाबांचे बूट होते.

कुणा भल्या बाईने आधार दिला असेल, असे तिने मनाशी म्हटले. सकाळची वेळ होती. देवळात दोनचार माणसे होतीच. अशा वेळी माणूस जे म्हणेल तेच तिने म्हटले.

दुपारी ते तळ्यावरच्या राजवाड्यात गेले. बाबा वीज कंपनीत मीटर तपासनीस होते आणि निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. कोरीव छताखाली उभे राहून ते लोंबणाऱ्या वायरी न्याहाळत.

"मुकादम, हे बघ! सोन्याचा मुलामा आणि त्यावरून ही वायर. राजाला शॉक बसला असता तर?"

मुलीला ते मुकादम म्हणत, कारण सहलीत कुठे बसायचे, कधी उठायचे, पाणी कधी प्यायचे, याचे हुकूम तीच सोडी.

"बाबा, राजा गेला तेव्हा वीज नव्हती."

"म्हणून तर सुखानं गेला."

चित्रांच्या दालनात त्या तिघांशिवाय कुणी नव्हते. लांबच लांब दालन होते ते. फरशी गुळगुळीत, आणि पावले घुमत होती. बाबांच्या काठीची टकटक. आईच्या चपलांची फटफट. तिच्या बुटांचा भरीव आवाज.

आणि...

आणखी एक आवाज होता. अनवाणी पावलांचा. ओल्या पायांनी फरशीवर चालावे, तसा मऊ, चिकट आवाज.

ती थांबली. बाबा थांबले. आई थांबली.

तो आवाज एक पाऊल पुढे टाकून मग थांबला.

"काय झालं?" बाबांनी विचारले.

"काही नाही. चला."

दालनाच्या टोकाला एक मोठे तैलचित्र होते. म्हातारी राणी खुर्चीत बसलेली. चेहरा रेखीव, दागिने रेखीव. पण तिचा उजवा हात बाजूला, हवेत उचललेला होता. बोटे किंचित मिटलेली. त्या हाताशेजारी नुसता तपकिरी रंग.

"हे अर्धवटच आहे," बाबा म्हणाले. "चित्रकार जेवायला गेला असेल, तो आलाच नाही."

"काय आहे चित्रात?" आईने हळूच विचारले. मुलीच्या कानाशी.

तिने सांगितले. राणी, खुर्ची, हवेत धरलेला हात.

"असा?" आई म्हणाली, आणि आपला उजवा हात तिने तसाच बाजूला उचलून धरला.

तो खाली घ्यायला तिला जरा वेळ लागला.

*

दालनाच्या बाहेर एक छोटा सज्जा होता. तिथे बाक होता. बाबांनी खिसे चाचपले. चष्म्याचे घर मागे राहिले, म्हणून ते परत वळले. त्यांना एकटे सोडले, तर ते पुन्हा एखाद्या वायरीखाली उभे राहतील हे तिला माहीत होते. सज्जात एक कुटुंब फोटो काढत होते. त्यांच्यादेखत आईला सूचना द्यायची नव्हती. तिने आईला बाकावर बसवले, तिचा हात दाबून धरला... थांब... आणि ती बाबांच्या मागे गेली.

चष्म्याचे घर बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात निघाले.

"काखेत कळसा!" बाबा ओशाळून हसले. "आईला सांगू नकोस हं."

दोघे परत आले.

फोटो काढणारे कुटुंब गेले होते.

बाक रिकामा होता.

"आई?"

सज्जात वारा होता. खाली तळे होते. बाकी काही नव्हते.

"असेल इथंच," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता. आपल्या बायकोला किती कमी दिसते, हे ठाऊक नसल्याचे सोंग त्यांनी इतके दिवस वठवले होते. ते त्या क्षणी गळून पडले. "अगं, तिला दिसत नाही गं. पळ तू!"

सज्जाच्या कडेला जिना होता. अरुंद, अंधारा, वळणाचा. जिन्याच्या तोंडाशी पहारेकरी स्टूल टाकून बसला होता.

"इथून एक बाई गेल्या का? वयस्क, करड्या रंगाची शाल?"

"गेल्या की. आत्ताच. मुलीबरोबर."

"कोणाबरोबर?"

"मुलगीच असावी. हात धरून उतरत होत्या." तो घुटमळला. "मुलीला मी नीट पाहिलं नाही, ताई. पण हा जिना बघा ना. असं बिनधास्त एकटं कोण उतरेल?"

ती धावली. जिना संपेना. आतल्या भिंतीला हात लावला तर तो ओला. वळण, आणखी एक वळण, मग कमान, आणि कमानीबाहेर एकदम उजेड.

दगडी पायऱ्या थेट तळ्यात उतरत होत्या.

आई पाण्यात उभी होती.

पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आले होते. शालीचे टोक तरंगत होते. तिची पाठ किनाऱ्याकडे होती. उजवा हात बाजूला, हवेत.

बोटे मिटलेली.

"आई! थांब!"

"थांबलेच आहे की," आई शांतपणे म्हणाली. "तूच तर थांबवलंस."



आवाज मागून, वरच्या पायरीवरून आला होता. हे आईला कळायला एक श्वास लागला. तिने मान मागे वळवली. मग हळूहळू, फार हळूहळू, उजवीकडे वळवली. नळीतून पाहावे तसे ती आपल्या हाताकडे पाहत राहिली.

ती ओरडली नाही.

"तू तिकडे आहेस..." ती म्हणाली. "मग हात..."

मुलगी पाण्यात शिरली. पाणी बर्फासारखे होते. आई उभी होती त्याच्या पुढच्या पायरीवर तिने पाय टाकून पाहिला. तिथे पायरी नव्हती. काहीच नव्हते. पाय खोल जात राहिला. तिने तो घाईघाईने मागे घेतला.

ती शेवटची पायरी होती. आईला तिथेच थांबवले गेले होते.

की तिथपर्यंत आणले गेले होते?

याचे उत्तर तिला आजही देता येत नाही.

आईला वर आणताना तिने तिचा उजवा हात धरला. दंड गरम होता. मनगट गरम होते. तळवा मात्र तळातल्या दगडासारखा गार होता, आणि त्यावर चार बोटांचे पांढरे वळ होते. कुणी घट्ट धरून ठेवल्यावर उठतात, तसे.

*

खोलीवर आल्यावर बाबांनी आईचे पाय कोरड्या टॉवेलने पुसले. मग "चहा सांगून येतो" म्हणाले आणि बराच वेळ बाहेरच राहिले.

"सांगायचं आहे ते सांगून टाक आता," आई म्हणाली.

"काय?"

"तुझा पूल. फोनवर बोलत होतीस ना परवा. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत माझे."

मुलीला हुंदका आला. "मी नाही जात, आई. आज जे झालं ते पाहून तरी..."

"काय झालं आज? सबंध जिना उतरले. एकदा अडखळले नाही. तुझ्यासारखंच दाबत होती. एक, दोन. अगदी बरोबर."

"कोण, आई?"

आई आपला तळवा चोळत होती.

"एक विचारू? तीनदा दाबलं, तर काय गं? ते तू शिकवलं नव्हतंस."

"तीनदा कधी दाबलं?"

"पाण्यात. आधी दाबून धरलं. मी थांबले. मग हळूच दाबलं... एक, दोन, तीन. मी वाट बघत राहिले, की आता वर जायचं की खाली. आणि तेवढ्यात तू हाक मारलीस."

खोलीत दिवा होता. बाहेर माणसांचे आवाज होते. तरी तिने आईचा तो हात टॉवेलात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी ते शहर सोडले. बसमध्ये तिघांचे बाक होते. आई मधल्या जागेवर बसली. बाबा तिच्या डाव्या हाताला बसले. मुलगी उजवीकडे टेकणार, तोच आई सहज म्हणाली, "तू पुढच्या बाकावर बस ना. इथं दाटी होईल."

मुलगी पुढे जाऊन बसली. वाटेत तिने एकदा वळून पाहिले. खिडकीजवळची ती जागा रिकामी होती, आणि आईचा हात त्या जागेवर उताणा पडला होता.

*

सोमवारी तिने नकार लिहिला. तो पाठवू दिला नाही तो आईने.

"माझ्यासाठी राहशील आणि जन्मभर माझ्या तोंडाकडे बघत बसशील. नको मला ते. माझी सोय झाली आहे. जा तू."

'सोय झाली आहे' म्हणजे काय, हे मुलीने विचारले नाही. बाबांनीही विचारले नाही. त्या घरात न विचारण्याची सवय जुनीच होती.

ती गेली.

खाडीकाठी तिला राहायला एक खोली होती. खिडकीतून धुक्यात अर्धे बुडालेले खांब दिसत. दिवसभर शेकडो माणसांत ती खुणा करी, खुणा वाची. संध्याकाळी खोलीचे दार लावले की सकाळपर्यंत तिच्याशी कुणी बोलत नसे.

रविवारी ती घरी फोन करी.

"मुकादम, तुझ्या आईनं कमाल केली आहे," बाबा सांगत. "जिना माझ्याआधी उतरते. भिंतीला हात नाही, कठड्याला हात नाही."

"मग हात कुठे असतो तिचा?"

बाबा थांबले.

"असतो आपला... जरा बाजूला. त्या चित्रातल्या..." ते हसू लागले आणि मधेच हसायचे थांबले. "बरं, तिच्याशी बोल. मी गॅस बघतो."

आईचा आवाज प्रसन्न होता. पूर्वी कधी नव्हता इतका.

"ते तीनचं कळलं गं मला," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"काही करायचं नसतं तेव्हा दाबते ती. मी नुसती बसलेली असले, की. पहाटे जाग येते ना, तेव्हा. एक, दोन, तीन. म्हणजे... मी आहे."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"असलं कुणी सांगावं लागतं का?"

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. धुके खांबांवर चढत होते. चढ, उतर, थांब. आपण आईला सगळे शिकवले होते. आपण आहोत, हे सांगायची खूण मात्र आपल्या यादीत नव्हती. कामावर ती लागत नाही.

तिने आपला एक हात दुसऱ्या हाताने तीनदा दाबून पाहिला.

आणि वाट पाहत राहिली.

काही झाले नाही.

*

वर्षाने ती सुट्टीवर घरी आली.

आईचे डोळे आता जवळजवळ गेले होते. पण चेहरा भरला होता. एकट्या पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते ती रेष तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. बाबा वाळले होते. ते आता आईच्या डावीकडूनच चालत, हे मुलीच्या लगेच लक्षात आले.

संध्याकाळी मायलेकी फिरायला निघाल्या. दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी तिने सवयीने आईच्या उजव्या हाताकडे हात नेला.

"अं... तिकडून नको," आई जरा संकोचाने म्हणाली. भरल्या बाकावर कुणाला बसायला जागा नाही म्हणताना माणूस संकोचतो, तशी. "डाव्या बाजूनं ये ना, बाळ."

ती डाव्या बाजूला गेली. तिने आईचा डावा हात धरला. पायरी आली. तिने दोनदा दाबायला बोटे आवळली.

आई आधीच खाली उतरली होती.

पुढची पायरी. पुढची. प्रत्येक वेळी आईचे पाऊल तिच्या खुणेआधी पडत होते. जिन्याच्या मधल्या वळणावर तिने हात दाबून धरला.

थांब.

आई चालतच राहिली.

"आई, मी थांब म्हटलं. थांब कुणीही म्हटलं तरी थांबायचं. ठरलंय आपलं."

"हो गं. पण एका वेळी एकाच्याच खुणेवर चालायचं, हेही तूच शिकवलंस ना? दोघी दोन सांगायला लागलात, तर मी म्हातारीनं काय करायचं?"

आई हसली. त्या हसण्यात वेडेपणा नव्हता. ते तिचे नेहमीचे, शहाणे हसू होते. भीती वाटली ती त्याचीच.

जिना संपला. समोरच्या बागेत दिवे लागत होते. आई कट्ट्यावर बसली. मुलगी तिच्या डावीकडे बसली. उजवीकडचा कट्टा कोरडा होता, फक्त आईशेजारी हातभर जागा ओली दिसत होती. पाऊस पडलेला नव्हता.

तिने आईचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो गरम होता. मऊ होता. लहानपणी ज्या हाताने तिचे केस विंचरले, तोच.

तिने तो हळूच दाबला.

एकदा. दोनदा. तीनदा.

आईचा चेहरा उजळला.

ती वळली. उजवीकडे. ओल्या, रिकाम्या जागेकडे.

"हो गं," ती त्या बाजूला मायेने म्हणाली. "माहीत आहे मला."